पालेभाजीचा खोडवा

कोल्हापूरहून गारगोटीकडे जाणाऱ्या मार्गावर कागल तालुक्यातील बिद्री हे गाव लागते. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे या गावाचे नाव जिल्ह्याबाहेरही परिचित झाले आहे. काळम्मावाडी येथे अडविलेले दूधगंगेचे पाणी, नदीकाठच्या उपसा योजना आणि कसदार जमीन यांच्या बळावर या परिसरात ऊस उभा राहिला. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा हे शब्द येथील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. असे असूनही चैत्र-वैशाख आला की घरच्या जेवणातील पालेभाजी आठवडी बाजारातून विकत आणावी लागते, असा अनुभव ऊसपट्ट्यातील पुष्कळ कुटुंबांना येतो. शेताला बारमाही पाणी मिळाले. परंतु भाजीचा वाफा मात्र दोन-तीन महिन्यांचाच राहिला.

ही उणीव केवळ खर्चाची नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश होते. पालेभाजी हे या विकारावरील औषध नव्हे. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्यांची जागा ती घेऊ शकत नाही, हे येथे स्पष्ट केलेले बरे. परंतु लोह, फॉलिक ॲसिड, कॅल्शियम आणि जीवनसत्त्व अ यांचा ग्रामीण आहारातील सर्वांत स्वस्त पुरवठा पालेभाजीतूनच होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने स्त्रियांच्या रोजच्या आहारात सुमारे १०० ग्रॅम हिरवी पालेभाजी असावी असे सुचविले आहे. येथे ‘रोजच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मार्गशीर्षात भरपूर आणि वैशाखात काहीच नाही, अशा भाजीने ही गरज भागत नाही.

उपाय शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. ऊस तुटून गेला की शेतकरी ते रान लगेच मोडत नाही. बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट सरीत पसरतो, खत आणि पाणी देतो. जमिनीतल्या डोळ्यांतून नवी फूट येते आणि बेण्याचा व लागणीचा खर्च न करता दुसरे पीक हाती येते. हाच खोडवा. एका हंगामातील पीक पुढील हंगामाचे मूळ मागे ठेवून जाते, हे तत्त्व या भागात अंगवळणी पडलेले आहे. पालेभाजीलाही ते लागू करता येते. मात्र कोणती भाजी आपले काय मागे ठेवते हे ओळखावयास हवे. कोणी खोड ठेवते, कोणी कंद, तर कोणी केवळ बी.

उसाच्या सरीतील भाजी

ऊसकरी घरांत भाजीची सोय बहुधा उसातच होते. जानेवारी-फेब्रुवारीत सुरू उसाची लागण झाली की पहिले दोन-अडीच महिने सरीच्या बगलेवर मेथी, कोथिंबीर, कांद्याची पात ही पिके निघतात. सरी रुंद असेल तर उसाला त्यांचा उपद्रव होत नाही. पण ऊस वाढून त्याची सावली पडू लागली की ही भाजी संपते आणि नेमका तेथूनच उन्हाळा सुरू होतो.

पूर्वी बांधावर आणि सरीत तांदुळजा, घोळ, पाथरी यांसारख्या भाज्या आपोआप उगवत. खुरपणाला गेलेल्या स्त्रिया येताना त्या ओटीत घालून आणीत. खुरपणाची जागा तणनाशकाने घेतली, तशा या भाज्या दुर्मिळ होत चालल्या. त्यांत कोणाचा दोष काढण्यासारखे काही नाही, कारण मजुरीचा हिशेब शेतकऱ्याला टाळता येत नाही. मात्र एका गोष्टीकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. उसात सर्रास वापरले जाणारे २,४-डी हे तणनाशक रुंद पानांच्या वनस्पतींना मारते आणि गवतवर्गीय उसाला सोडते. मेथी, माठ, पालक, मायाळू या सर्व रुंद पानांच्याच वनस्पती आहेत. वाऱ्याबरोबर आलेल्या तुषारांनीही त्यांची पाने वाकडी होऊन आकसतात. त्यामुळे वर्षभर राखावयाचा वाफा उसाच्या फडाला खेटून नसावा, आणि तणनाशकाचा फवारणी पंप भाजीवर कधीही वापरू नये. धुऊन घेतलेल्या पंपातील अंशही भाजी जाळण्यास पुरेसा होतो. घरामागचे परडे हीच या कामाची योग्य जागा होय.

खोडावर जगणाऱ्या भाज्या

परड्यातील पहिला मान शेवग्याचा. शेंगांसाठी त्याची ख्याती असली तरी त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी शेंगेपेक्षा कितीतरी अधिक पौष्टिक असते. शंभर ग्रॅम पाल्यात ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. शेवगा दारात लावू नये, असा एक समज ग्रामीण भागात आढळतो. त्याचे लाकूड ठिसूळ असल्यामुळे वाऱ्याने फांद्या मोडतात आणि खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके बसतात, या अनुभवातून तो रूढ झाला असावा. दोन्ही अडचणींवर छाटणी हाच उपाय आहे. शेंगा संपल्यावर झाड साधारण कमरेएवढ्या उंचीवर छाटले तर ते उंच जात नाही, चहूबाजूंनी फुटते आणि पाला हाताने खुडता येतो. मनगटाएवढ्या जाडीची, सुमारे एक मीटर लांबीची फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत रोवली की ती रुजते. तामिळनाडूतील पेरियाकुलम येथे विकसित झालेला ‘पीकेएम-१’ हा वाण मात्र बियांपासून लावतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण रुचिरा’ हा वाण दिला आहे.

आश्विनात मुलींच्या ज्या खेळाला कोल्हापूरकडे हादगा म्हणतात, त्याच नावाचे झाड परड्याच्या कडेला असावे. हादग्याच्या फुलांची भाजी सर्वांना माहीत आहे, पाल्याची फारशी कोणी करीत नाही. हे झाड झपाट्याने वाढते, पण शेवग्याप्रमाणे बुंध्याशी छाटलेले त्याला सोसत नाही. त्याचे केवळ शेंडे खुडावेत. ते शेंगवर्गीय असल्याने मुळांवरील गाठींद्वारे जमिनीत नत्राची भर घालते, हा वेगळा लाभ.

मायाळू ही उन्हाळ्यातील खरी आधाराची भाजी होय. मेथी आणि कोथिंबीर ज्या उन्हात टिकत नाहीत त्या उन्हात, थोडे पाणी मिळाले तर, मायाळूचा वेल तजेलदार राहतो. हिवाळ्यात त्याला फुले आणि जांभळी फळे येतात व पाने लहान पडतात. तेव्हा वेल उपटून टाकण्याची घाई करू नये. जुना वेल हातभर ठेवून छाटावा आणि छाटलेल्या देठांचे तीन-तीन पेऱ्यांचे तुकडे ओल्या मातीत खोचावेत. बहुतेक रुजतात. म्हणजे एकदा लावलेला वेल वर्षानुवर्षे स्वतःचेच बेणे पुरवितो.

मोरीच्या पाण्यावर अळू लावण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे आणि ती शहाणपणाची आहे. सांडपाणी दारात न साचता उपयोगी पडते आणि कंद उन्हाळ्यातही जिवंत राहतात. पावसाच्या सुरुवातीला जुन्या गड्ड्याभोवतीची पिल्ले काढून वेगळी लावावीत, नाहीतर गर्दी होऊन पाने लहान होतात. अळूतील ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे घसा खवखवतो. म्हणून चांगले शिजविणे आणि चिंच किंवा आमसूल घालणे ही पद्धत सोडू नये. मोरीचे पाणी अळूला चालते. कोथिंबीर आणि पुदिना यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्याला ते कदापि देऊ नये. पुदिना जमिनीवर पसरणाऱ्या धावत्या खोडांनी वाढतो. मुसळधार पावसात तो कुजण्याचा संभव असल्यामुळे एखादी कुंडी वळचणीखाली उंचावर ठेवली की पुढे बेणे शोधावे लागत नाही.

उपटावे की कापावे?

माठ, पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर या हंगामी भाज्यांना खोडवा नसतो, असे म्हटले जाते. ते अंशतःच खरे आहे. बाजारासाठी जुडी बांधताना ही रोपे मुळासकट उपटतात, कारण जुडी टिकते आणि आकर्षक दिसते. घरच्या वाफ्यात मात्र मुळे उपटण्याचे कारण नाही. पालक जमिनीपासून दोन-तीन बोटे वर कापला तर दोन-तीन आठवड्यांत पुन्हा कापणीस येतो आणि एका पेरणीवर अनेक कापण्या मिळतात. माठाचा शेंडा खुडला की बगलेतून फांद्या फुटतात. मेथीही कापल्यास दुसऱ्यांदा फुटते, परंतु दुसरी कापणी पहिलीइतकी भरत नाही.

या भाज्यांचे आयुष्य अखेर फुलोऱ्याने संपते. वाढते ऊन आणि दिवसाची लांबी यांचा इशारा मिळताच पालक दांडा सोडतो. कोथिंबीर उष्म्याने फुलावर येते. माठाच्या पुष्कळ जातींचे उलट आहे. दिवस लहान होऊ लागले की त्यांना तुरे येतात, म्हणून कार्तिकात पेरलेला माठ वीतभर असतानाच फुलतो. एकदा फुलोरा आला की झाडाचे सारे बळ बियांकडे जाते, पाने राठ व कडवट होतात. फुलोरा खुडून थोडे दिवस मिळविता येतात, परंतु झाडाला कायमचे तरुण ठेवता येत नाही. मग त्याच्याकडून पुढच्या हंगामाचे बी घेणे एवढेच उरते.

बियाला कोणते झाड सोडावे?

येथे एक चूक वारंवार होताना दिसते. चांगली, रुंद पानांची, जोमदार झाडे खाऊन किंवा विकून संपतात आणि कोपऱ्यात राहिलेली, लवकर फुललेली झाडे ‘आता बी तरी होऊ दे’ म्हणून सोडली जातात. अशा बियांपासून येणाऱ्या रोपांतही लवकर फुलण्याचा गुण उतरतो. चार-पाच वर्षे असेच चालले तर घरचा पालक किंवा घरची कोथिंबीर दुसऱ्या कापणीपूर्वीच दांड्यावर येऊ लागते आणि ‘घरचे बी बिघडले’ असा ग्रह होतो. बी आपोआप बिघडत नाही, निवड उलटी झालेली असते. पालेभाजीत जे झाड सर्वांत उशिरा फुलते, ज्याची पाने रुंद आणि रोगमुक्त आहेत, तेच बियासाठी राखले पाहिजे. अशा झाडांना सुरुवातीलाच चिंधी बांधून ठेवावी आणि त्यांची पाने एक-दोनदाच खुडावीत. लवकर फुललेली झाडे प्रथम खावीत.

किती झाडे ठेवावीत, हे परागीभवनावर अवलंबून असते. मेथी बहुतांशी स्वतःच्याच परागाने फलित होते, म्हणून थोडक्या झाडांवरही तिचा गुण टिकतो. पालकाचा पराग वाऱ्याने वाहतो आणि कोथिंबिरीला मधमाश्या व इतर कीटक लागतात. या दोन्हींत एकाच झाडाचे बी घेतल्यास पुढील पिढ्या दुबळ्या होत जातात. किमान डझन-दीड डझन झाडे राखावीत. एका घराला ते जमत नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी वाटून घ्यावे. लाल माठ व हिरवा माठ जवळजवळ फुलले तर बी मिसळ होते. ते खाण्यास उत्तमच, पण रंग राखावयाचा असेल तर दोन्ही एकाच वेळी फुलू देऊ नयेत. देशी पालक बीटाच्या कुळातील असून त्याच्याशी संकर होऊ शकतो. तथापि बीटाला फुलोऱ्यासाठी कडक थंडी लागत असल्याने कोल्हापूरकडे ही भीती फारशी नाही.

विकत आणलेल्या संकरित बियांपासून बी धरू नये, कारण पुढच्या पिढीत गुण एकसारखे राहत नाहीत. देशी व सुधारित सरळ वाणांचे बी मात्र निःशंक धरावे. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाण करण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. संरक्षित वाणाचे बी त्याच्या नावाने व्यापारी पद्धतीने विकण्यास तेवढी मनाई आहे. या तरतुदीची माहिती ग्रामसभेत दिल्यास अनेक शंका दूर होतील.

स्थानिक बी राखण्याच्या कामाचे राज्यातील सर्वांत परिचित उदाहरण बिद्रीपासून दूर, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथे आहे. राहीबाई पोपेरे यांनी तेथे भाज्या, कडधान्ये व भाताच्या स्थानिक वाणांची बियाणे बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. औपचारिक शिक्षण नसलेल्या या स्त्रीने घरात बी राखण्याच्या जुन्या सवयीला परिसराच्या कामाचे रूप दिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

पावसाळ्यातून बी वाचविणे

मेथी, पालक, कोथिंबीर यांचे बी फाल्गुन-चैत्रात तयार होते आणि त्यांची पेरणी पाऊस ओसरल्यावर होते. मध्ये कोल्हापूरचा पावसाळा असतो. बी बिघडते ते याच चार महिन्यांत. बियांतील ओलावा एक टक्क्याने कमी केला की त्यांचे साठवणुकीतील आयुष्य सुमारे दुप्पट होते, असा बीजशास्त्रातील एक ठोकताळा आहे. पाच अंशांनी तापमान उतरविले तरी तोच परिणाम होतो. खेड्यातील घरात थंडावा निर्माण करणे कठीण, पण कोरडेपणा साधता येतो.

शेंगा किंवा तुरे झाडावरच पिवळे पडू द्यावेत, सकाळी कापून कापडावर पसरावेत. भर दुपारी पत्र्यावर किंवा सिमेंटच्या गच्चीवर बी टाकू नये, अंकुर भाजतो. कोवळ्या उन्हात चार-पाच दिवस वाळविल्यावर मेथीचा दाणा दाताखाली न दबता कट्‍कन फुटला, तर तो पुरेसा वाळला असे समजावे. मग स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत तळाशी चाळलेली राख किंवा भाजून वाळवलेले तांदूळ घालावेत, त्यावर कापडाच्या पुरचुंडीत बी ठेवावे आणि झाकण घट्ट लावावे. गाडग्यात व राखेत बी ठेवण्याची पद्धत किडीपासून रक्षण करते, परंतु पावसाळी हवेचा दमटपणा मातीच्या भांड्यातून आत शिरतो. म्हणून कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात बाटलीच अधिक खात्रीची. मृगापूर्वी बंद केलेली बाटली दसऱ्यापर्यंत उघडू नये. वाणाचे नाव व वर्ष लिहिलेली चिठ्ठी बाहेरून चिकटवावी.

पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर ठेवले की उगवण कळते. साठ-सत्तर उगवले तर बी चांगले. चाळीसच उगवले तर दाट पेरावे. धण्याच्या प्रत्येक फळात दोन बिया असतात, तो हलके रगडून दोन दली करून पेरावा. पालकाचा खडबडीत ‘दाणा’ हाही एकापेक्षा अधिक बियांचा गुच्छ असतो. म्हणून तो विरळ पेरला तरी रोपे दाट उगवतात आणि ती विरळावी लागतात.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्यातील नदीकाठची शेते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिली. अशा वेळी मळीतला वाफा वाचत नाही आणि रस्ते बंद झाल्याने बाजारातही भाजी येत नाही. नदीकाठच्या गावांनी शेवगा, मायाळू आणि अळूचे बेणे गावाच्या उंच भागातील एखाद्या परड्यात, आणि बियांच्या बाटल्या माळ्यावर ठेवाव्यात, ही दक्षता फार खर्चाची नाही.

शाळेची परसबाग आणि मे महिना

शालेय पोषण आहाराला जोड म्हणून अनेक शाळांत परसबागा केल्या जातात. जुलै ते फेब्रुवारी त्या डौलदार दिसतात. उन्हाळी सुट्टी लागली की पाणी घालणारे हात घरी जातात आणि जूनमध्ये शिक्षक परततात तेव्हा वाफ्यात माती तेवढी शिल्लक असते. पुन्हा बी, पुन्हा वाफे, पुन्हा नवा खर्च असे दरवर्षी चालते. यात उत्साहाचा अभाव नसून पिकांची निवड चुकलेली असते.

शाळेची बाग आखताना अर्धी जागा खोडाच्या भाज्यांसाठी ठेवल्यास ही अडचण बरीचशी दूर होईल. मुरलेला शेवगा, हादगा व कढीपत्ता सुट्टीत आठवड्याच्या एका पाण्यावर तग धरतात. हात धुण्याच्या नळाखालील अळू नळ चालू असेतो जगते. सुट्टीत त्याची पाने वाळली तरी गड्डे ओलसर पाचटाखाली राहून पावसात फुटतात. गाळप हंगाम संपताना बिद्रीसारख्या गावात पाचटाला तोटा नाही. ते जाळण्याऐवजी चार-सहा बोटे जाडीचा थर मायाळूच्या बुंध्याशी व रिकाम्या वाफ्यांवर दिला तर ओल टिकते. ज्या वाफ्यात माठाचे तुरे पिकून झडू दिले आहेत, तेथील पाचट मेअखेरीस बाजूला सारावे. वळवाचा चांगला पाऊस होताच माठ न पेरता उगवतो आणि शाळा उघडते त्या सुमारास पहिली खुडणी मिळू शकते.

पाण्याचा प्रश्न ग्रामपंचायतीने एप्रिलच्या बैठकीतच सोडवावा. पाणीपुरवठा कर्मचाऱ्याकडे, शाळेलगतच्या कुटुंबाकडे किंवा महिला बचत गटाकडे आठवड्याची एक पाळी सोपवून त्या बदल्यात सुट्टीतील पाला त्यांना द्यावा, ही व्यवस्था सर्वांना मानवण्याजोगी आहे. शेवग्याच्या शेंगा संपून छाटणीची वेळही याच सुमारास येते. छाटलेल्या फांद्या सरपणात जाण्यापूर्वी शाळेने त्या मागून घ्याव्यात, सावलीत दोन-तीन दिवस चीक वाळू द्यावा आणि खालचे टोक खाली राहील अशा रीतीने पहिल्या पावसात रोवाव्यात. एका वाढलेल्या झाडाच्या छाटणीतून आठ-दहा परड्यांना पुरतील एवढे खुंट निघतात.